डाळमिलची भिंत आणि सोनकांबळे सर

प्रा. धोंडीराम सोनकांबळे सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझे भाषण बंद पडले म्हणून.

आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याला सभा होती. राज्याचे नाव तेव्हा म्हैसूर होते. वैशाखाचे ऊन, आणि माइक दुपारभर उघड्या जीपमध्ये पडलेला. मी वेगळ्या पाणवठ्यांविरुद्ध बोलायला उभा राहिलो, चांगला तापलो आणि मुद्द्यावर आलो तोच भोंगा मुका झाला. मागून कोणीतरी ओरडले, "अण्णा, तोंड हालायलंय, आवाज न्हाई यायलाय!" लोक हसले. माइकवाला माइकला थापडा मारू लागला. तेवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातले एक सडपातळ गृहस्थ व्यासपीठावर आले. खिशातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने त्यांनी माइक उघडला, आत पाहिले आणि म्हणाले, "मारू नका त्याला. मेलंय ते. आतलं मीठ पाघळलंय."

"माइकमध्ये मीठ?" मी विचारले.

"व्हय. मिठासारखाच स्फटिक असतोय. तुम्ही बोललात की त्याच्यावर दाब पडतोय, अन् दाब पडला की त्याच्यातून वीज निघतीय. लई थोडी. ती भोंग्याकडं जातीय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या भाषणातून आजवर झालेलं खरं काम तेवढंच."

मी संतापलो. परतीच्या बसमध्ये मात्र एकटाच हसलो. पुढच्या जूनमध्ये मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच गृहस्थ भेटले. तिथून आमची मैत्री सुरू झाली.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. हा गौरवग्रंथ काढणाऱ्या सत्कार समितीने माझ्याकडे चार गोड शब्द मागितले आहेत. ते माझ्यापाशी नाहीत. समितीने तयार केलेल्या मानपत्राचा मसुदा मला दाखवण्यात आला. त्यात लिहिले आहे की सरांनी "यंत्रांच्या कंपनातून वीज निर्माण करून गोरगरिबांची घरे उजळली." हे साफ खोटे आहे. सरांनी आयुष्यात एकही घर उजळलेले नाही, आणि ते त्यांनी कधी लपवलेले नाही. त्यांनी जे केले ते घर उजळण्यापेक्षा मोठे आहे. मानपत्रात ते येत नाही, कारण आले तर समितीतल्या काही जणांना मान खाली घालावी लागेल. म्हणून ते इथे लिहितो.

सर मादन हिप्परग्याचेच. निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकले, छप्पन्न साली घराने बुद्धाचा मार्ग धरला, आणि त्यांच्या वस्तीतून हैदराबादला जाऊन विज्ञानाची पदवी घेणारे ते पहिले. गुलबर्ग्यात ते रेल्वेरुळाजवळच्या कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये राहत. मालगाडी गेली की भांडी वाजायची. "एवढी हादर फुकट जायलीय," असे ते म्हणत. त्यातूनच त्यांचे काम सुरू झाले. काही स्फटिक असे असतात की ते दाबले, वाकवले, हादरवले की त्यांच्यात वीज उत्पन्न होते. शास्त्रात याला पीझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. सर वर्गात त्याला "दाबाची वीज" म्हणत. स्फटिक विकत आणायची ऐपत कॉलेजची नव्हती, म्हणून सर ते प्रयोगशाळेतच वाढवीत. गरम द्रावण करायचे, त्यात दोऱ्याला बांधलेला बारीक खडा सोडायचा आणि बरणी कपाटात ठेवून द्यायची. कपाटाला धक्का लागला की स्फटिक वेडावाकडा होई. हादऱ्यातून वीज काढणारा पदार्थ जन्माला येताना त्याला जराही हादरा चालत नाही, हे सांगताना सरांचे डोळे चमकत.

तयार स्फटिकाच्या चकत्या कापून, मेणात बुडवून, त्या ते पितळी पट्टीला चिकटवीत. पट्टीचे एक टोक हलणाऱ्या भिंतीला घट्ट बसवायचे, मोकळ्या टोकाला शिशाचा तुकडा लावायचा. भिंत थरथरली की पट्टी थरथरते, चकत्या वाकतात, वीज निघते. ती एका कपॅसिटरमध्ये साठत जाते, आणि पुरेशी साठली की विजेच्या टेस्टरमध्ये असतो तसला, तुरीच्या दाण्याएवढा तांबूस दिवा एकदा लुकलुकतो. मग पुन्हा साठवण, पुन्हा एकदा लुकलुक. बस्स.

एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, याच्यावर घरात किती बल्ब लागतील?"

"एकही न्हाई," सर म्हणाले.

"मग कामून करायलाव सर हे?"

"कारण हे खरं हाय. किती थोडं हाय ते पण खरं हाय. थोड्याला लई म्हणायचं शिकायचं असंल तर अण्णांच्या मराठीच्या वर्गात जा."

वर्ग माझ्या नावाने हसला. पण हाच त्यांचा स्वभाव. पाहुणा उद्योगपती असो वा सरकारी अधिकारी, सर आधी आपली वीज किती थोडी आहे ते सांगत आणि मग पट्टी दाखवीत. आमच्या भागात फुगवून सांगणाऱ्याला हार मिळतो. म्हणून सरांच्या गळ्यात साठ वर्षे हार पडला नाही.

माझ्यावरचे त्यांचे एक वैयक्तिक ऋणही सांगायला हवे. माझे वडील आळंदला दुकानात बसत. म्हातारपणी ऐकू येईनासे झाले, गिऱ्हाईक हसू लागले. सरांनी स्फटिकाचे, कानात घालायचे एक छोटे यंत्र स्वतः जुळवून दिले. आम्ही शरण-संतांना मानणारे, श्रमालाच पूजा म्हणणारे लोक. आमच्या धर्मात जात नाही असे आम्ही दर सभेत सांगतो. त्या माझ्या वडिलांना सरांच्या हातचा स्फटिक कानात घालायला विटाळ वाटला नाही. सरांना चहाचा पेला मात्र त्यांनी वेगळाच द्यायला लावला. सर चहा पिऊन शांतपणे म्हणाले, "अप्पा, डाव्या कानाला जरा ढिलं ठेवा, टोचणार न्हाई." वडिलांना ऐकू येऊ लागले. त्यांच्यात बदल मात्र झाला नाही. मी तेव्हा वडिलांशी भांडलो आणि आजही त्या पेल्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

आता भिंतीकडे येतो.

गुलबर्गा म्हणजे तुरीची डाळ. एका डाळमिलचे मालक नात्याने माझे मामा होते. मोटार, पट्टा आणि मोठा चाळणा एका दगडी भिंतीशी जोडलेले होते. त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, तिचाच आधार घेऊन, पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. तिथे मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायका मुलाबाळांसह राहत. दिवसभर भिंत थरथरायची. सरांना असलीच भिंत हवी होती.

आमच्याकडे आयुधपूजेला यंत्रे बंद ठेवतात, त्यांना झेंडूचे हार घालतात. वर्षात तेवढा एकच दिवस ती मिल गप्प असे. त्या दिवशी सरांनी मिलच्या आतल्या बाजूने भिंतीवर पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी चाळणा सुरू झाला आणि दिवा सावकाश लुकलुकू लागला. बायकांना मौज वाटली. त्यांनी पट्टीशेजारी कुंकू लावले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि दिवा पहिल्यापेक्षा भरभर लुकलुकू लागला. निवडणाऱ्या बायकांत सगळ्यांत मोठी पार्वतीअक्का. ती सरांना म्हणाली, "सर, लक्ष्मी वाढायलीय बघा. दिवा कसा नाचायलाय!" मामांनी नारळ फोडला. आमच्या प्राचार्यांनी सरांची पाठ थोपटली आणि मंत्र्यांना मिलमध्ये आणायचे ठरवले. विजेचे उत्पादन वाढले, प्रयोग यशस्वी झाला, असे सगळ्यांनी धरले. हादऱ्याची वीज वाढली याचा अर्थ हादरा वाढला, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही.

सरांच्या आले. त्यांनी पट्टी काढून प्रयोगशाळेत तपासली. ती होती तशीच होती. मोटारीचा वेग पाहिला, चाळण्यावरचा माल पाहिला. तेही होते तसेच. उरली भिंत. ते जमिनीजवळ गुडघे टेकून बसले आणि दोन दगडांच्या फटीत बोट घातले. आतली माती पिठासारखी भुरभुर खाली आली. बाहेरून सिमेंटचा गिलावा होता, पण दगड मातीत रचलेले होते, आणि त्या मातीचे हादऱ्याने पीठ होत चालले होते.

आम्ही दोघे मामांकडे गेलो. सर म्हणाले, "मालक, चाळणा बंद करा. भिंत जायलीय."

मामा म्हणाले, "सर, तुमचाच दिवा सांगायलाय की सगळं चांगलं चाललंय. आता मंत्री यायच्या टायमाला अपशकून कामून करायलाव?" आणि माझ्याकडे वळून कन्नडात म्हणाले की या लोकांना मिलमध्ये घेतले हीच चूक झाली. सरांना कन्नड उत्तम येते. तेही कन्नडातच म्हणाले, "मला मिलमध्ये घेऊ नका. भिंतीमागच्या बायकांना बाहेर काढा."

मामांनी काय केले? भिंतीला नवा गिलावा दिला आणि वर चुना मारला. ज्या दोन-चार भेगा माणसाला दिसल्या असत्या, त्याही झाकल्या. मंत्री आले. दिवा नीट दिसावा म्हणून काळा कपडा लावला होता. प्राचार्यांनी सरांना दोन शब्द बोलायला सांगितले. सर म्हणाले, "हा दिवा आनंदानं लुकलुकत नाही. ही भिंत सैल झाली आहे, असं तो सांगतो आहे. या वाढलेल्या विजेचं कौतुक करू नका. यंत्र थांबवा आणि मागच्या खोल्या आजच रिकाम्या करा."

लोकांना वाटले, हा शास्त्रज्ञांचा विनय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनी वाजवल्या. चुना मारलेल्या त्या भिंतीखाली उभे राहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यभर टाळ्यांवर जगलेला माणूस आहे. त्या दिवसापासून मला टाळ्यांची किळस आली.

सर तिथून थेट खोल्यांकडे गेले. मी मागोमाग. पार्वतीअक्का चुलीशी बसली होती.

"अक्का, खोली सोडा," सर म्हणाले.

"अन् जाऊ कुठं? खोली सोडली की उद्या सूप दुसरीच्या हातात देतील. पोटाला काय, तुमचा दिवा घालू?"

"कामावर जात राहा. कुलूप लावा, सामान राहू द्या. निजायला, रांधायला तेवढं माझ्या अंगणात या. पोरं दिवसभर तिथंच राहतील."

"पण तुमच्या मालकीणबाई काय म्हणतील?"

सरांच्या पत्नी रत्नाबाई कार्यक्रमाला आल्या होत्या, त्याही आमच्या मागोमाग तिथे आल्या. म्हणाल्या, "काय म्हणणार मी? चुली मांडा की. माझ्या शेवग्याला तेवढा धूर लागू देऊ नका. अन् भाजी निसताना मला एकटीला बसवू नका म्हंजे झालं."

दोन बायका आधी निघाल्या, मग बाकीच्या. पार्वतीअक्का सगळ्यांत शेवटी, कटकट करीत. कॉलेजच्या क्वार्टर्सचे अंगण माणसांनी भरले. प्राचार्य तणतणत आले, "सोनकांबळे, प्राध्यापकांच्या क्वार्टर्सची तुम्ही वस्ती केलीत!"

"वस्तीतूनच आलोय सर मी," सर म्हणाले. "राहायला बरी असते. तुम्ही पण जेवून जा."

थोड्याच दिवसांत, भर दुपारी, चाळणा चालू असताना ती भिंत खोल्यांच्या अंगाला कोसळली. पत्रे जमिनीला चिकटले. पार्वतीअक्काच्या नातवाच्या पाळण्याची दोरी खुंटीसकट दगडांखाली सापडली. नातू सरांच्या अंगणात रत्नाबाईंच्या मांडीवर होता. एकही माणूस मेला नाही.

आणि इथेच माझा राग सुरू होतो. माणसे मेली असती तर आमच्या समाजाने सरांना द्रष्टा म्हटले असते. मेली नाहीत, म्हणून काही झालेच नाही असे ठरले. नुसते तेवढेच नाही. भिंत का पडली ते पाहायला तीन सुशिक्षित गृहस्थ नेमण्यात आले. त्यांनी सांगितले की प्रा. सोनकांबळे यांनी पट्टी बसवायला भिंतीला भोके पाडली म्हणून भिंत पडली! दीड हात जाडीच्या भिंतीत करंगळीच्या टोकाएवढी भोके! मातीचे पीठ कोणी पाहिले नाही. नव्या गिलाव्याखालच्या भेगा कोणी विचारल्या नाहीत. मामांनी मान डोलावली, प्राचार्यांनी मान डोलावली. ज्या माणसाने धोका ओळखला, त्यालाच धोक्याचे कारण ठरवले. दाराशी भुंकून चोर दाखवणाऱ्या कुत्र्यालाही कोणी चोर म्हणत नाही. आम्ही म्हटले, कारण तसे म्हणणे सोयीचे होते, आणि ज्यांना म्हणायचे ते मादन हिप्परग्याच्या त्या वस्तीतले होते. त्यांच्या जागी माझ्या जातीचा प्राध्यापक असता तर असा निष्कर्ष निघाला असता का? मी हा प्रश्न तेव्हा गुलबर्ग्याच्या चौकात विचारला होता. आज छापून विचारतो.

सरांना बीदरला पाठवले. पट्ट्या, बरण्या, वाढत असलेले स्फटिक प्रयोगशाळेतून बाहेर टाकले. मी सभा घेतल्या, घसा फोडला. बीदरच्या बसमध्ये बसताना सर मला म्हणाले, "अण्णा, ओरडा तुम्ही, ओरडणारा पण लागतोय. पण कुणीतरी फटीत बोट घालून पण बघा." बीदरला त्यांनी खिडकीच्या चौकटीला पट्टी लावली. वरून विमान गेले की दिवा एकदा लुकलुके, आणि वर्गातली पोरे टाळी देत. मोठ्या प्रयोगाला साधने त्यांना कोणी पुन्हा दिली नाहीत. असल्या पट्ट्यांनी पूल, यंत्रे, इमारती यांच्यावर पहारा ठेवता येईल, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. फळ्यावर, खडूने.

आज सत्कार समितीचे अध्यक्ष तेच निवृत्त प्राचार्य आहेत. शाली माझ्या मामेभावाने, म्हणजे मिलच्या आजच्या मालकाने, देऊ केल्या आहेत. भोकांमुळे भिंत पडली हा ठपका कोणी मागे घेतलेला नाही. शाल घालून तो झाकायचा बेत आहे. हासुद्धा चुनाच! अध्यक्षांना माझे जाहीर सांगणे आहे: व्यासपीठावर आधी तो ठपका आपल्या तोंडाने मागे घ्या, मग सरांच्या अंगाला हात लावा.

सत्काराची बातमी द्यायला मी बीदरला गेलो. सरांनी एकच विचारले, "त्या भिंतीमागं परत खोल्या हायत का?"

आहेत. भिंत नवी, चाळणा पहिल्यापेक्षा मोठा, आणि मागे पुन्हा तीच रांग. पार्वतीअक्का थकली आहे, पण तिथेच आहे, सुनेबरोबर, नातवंडांबरोबर. सर म्हणाले, "मग सत्काराच्या आधी मला तिथं एक पट्टी लावू द्या." मी समितीला विचारले. समितीने मामेभावाला विचारले. मामेभाऊ म्हणाला, "जुना विषय कामून उकरायलाव? सत्कार होऊ द्या, नंतर बघू."

सर नंतर बघणारे नाहीत. गेल्या रविवारी ते पिशवी घेऊन गुलबर्ग्याला आले. मिलच्या फाटकावर राखणदाराने अडवले. मी आवाज चढवणार, तेवढ्यात आतून नव्हे, मागच्या बोळातून पार्वतीअक्का काठी टेकत आली.

"सर, फाटकात कामून उभं राहिलाव? इकडून या."

"अक्का, मालकांची परवानगी न्हाई," सर म्हणाले.

"तिकडच्या अंगाला मालकाची भिंत. इकडच्या अंगाला माझा संसार हाय. मी देते परवानगी. ठोका."

आणि तिच्या खोलीत, डब्यांच्या फळीखाली, सरांनी पट्टी ठोकली. सुनेने विचारले, "सर, कुंकू लावू का?" सर म्हणाले, "लावू नका. बघत राहा. भरभर लुकलुकाया लागला की पोरांना घेऊन बाहेर पडा, अन् अण्णांना सांगावा धाडा. ते ओरडतील." भिंतीपलीकडे चाळणा सुरू होता. आम्ही वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने दिवा एकदा लुकलुकला, आणि मग पुन्हा बराच वेळ काही नाही. पार्वतीअक्काने सरांच्या हातात गुळाचा खडा ठेवला.

सर, गुडघे सांभाळा, रत्नाबाईंचे ऐका आणि शंभर वर्षे जगा. आपण हाडाने खंबीर आहात, आणखी चाळीस वर्षे आम्हाला टोचत राहणे आपल्याला सहज जमेल. लोक आपल्याला उजेड वाढो म्हणतील. मी म्हणत नाही. पार्वतीअक्काच्या खोलीतला तो दिवा असाच मंद राहो. आणि कधी तो भरभर लुकलुकू लागलाच, तर त्या दिवशी टाळ्या न वाजवता खोल्या रिकाम्या करणारी माणसे या गुलबर्ग्यात आपल्या हयातीत तयार झालेली आपल्याला पाहायला मिळोत.